आरंभीच्या स्वनातीत लढाऊ विमानांचे टर्बोजेट इंजिन कसे वाचावे

सन १९५३ ते १९५८ या पाच वर्षांत लढाऊ विमानांनी सरळ पातळीवरच्या उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला आणि लगोलग त्याच्या दुपटीपर्यंत मजल मारली. अमेरिकेचे एफ-१०० सुपर सेबर २५ मे १९५३ रोजी पहिल्याच उड्डाणात माख १ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या, पुढे गेले. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सचे मिराज-३ आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचे लाइटनिंग माख २ पर्यंत पोहोचले, तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात एफ-१०४ स्टारफायटरने ताशी २,२५९ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला होता. पंखांचा आकार आणि धडाची ठेवण यांचा या प्रगतीत मोठा वाटा आहे, तरीही तिचा कणा होते ते टर्बोजेट इंजिन. त्यात कॉम्प्रेसर आत येणारी हवा दाबतो, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते, तापलेला वायू टर्बाइन हे चक्र फिरवून कॉम्प्रेसर चालवतो आणि नोझल या मागच्या तोंडातून वेगाने बाहेर पडून विमानाला पुढे रेटतो. अशा एखाद्या इंजिनासमोर किंवा त्याच्या छेदचित्रासमोर उभे राहिल्यावर त्याच्या रचनाकाराने नेमके कोणते प्रश्न कसे सोडवले हे ओळखायला शिकावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

त्यासाठी टॉर्च, वही आणि मोबाइलमधील घातांक काढता येणारे गणकयंत्र एवढे साहित्य पुरते. भारतात या पिढीचे सर्वांत सहज दिसणारे विमान म्हणजे सोव्हिएत बनावटीचे मिग-२१ होय. भारतीय हवाई दलात ते १९६३ मध्ये आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. त्याचे सांगाडे नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, तर इंजिने ओडिशातील कोरापुट येथे परवान्याखाली तयार होत असत. चौकाचौकांत आणि संस्थांच्या आवारांत उभ्या केलेल्या मिग-२१ मधील इंजिन बहुधा काढून घेतलेले असते, म्हणून आधी मागच्या तोंडातून टॉर्चचा प्रकाश टाकून आत काही आहे का हे पाहावे. दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाचे संग्रहालय आणि बेंगळुरू येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय या दोन जागा अभ्यासासाठी अधिक उपयोगी आहेत. हवाई दलाच्या तळावर किंवा त्याच्या आवारात छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि प्रदर्शनातील इंजिनाची पाती हाताने फिरवू नयेत, कारण त्यांच्या कडा हात कापतील इतक्या पातळ असतात.

वाचनाचा क्रम एकच ठेवावा. हवा जिथून आत शिरते तिथून सुरुवात करावी आणि ती बाहेर पडेपर्यंत तिच्या मागोमाग जावे. वाटेत प्रत्येक ठिकाणी हवेचा दाब, तिचे तापमान आणि तिचा वेग या तीन गोष्टींचे काय झाले, एवढेच विचारावे. ज्याने हा क्रम सोडून आधी रेट्याचा आकडा पाठ केला, त्याला दोन इंजिनांतील फरक कधीच नीट उमगत नाही.

इनटेकपाशी थांबून करायचे पहिले गणित

टर्बोजेटच्या कॉम्प्रेसरला ध्वनीपेक्षा कमी वेगाची हवा लागते. ती साधारण माख ०.५ च्या आसपास असावी लागते, मग विमान कितीही वेगाने जात असो. म्हणून स्वनातीत विमानाच्या इनटेकचे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाचे, पहिले काम हवा मंद करण्याचे असते. विमानाच्या नाकाकडे पाहिले की रचनाकाराने ते कसे साधले हे कळते. एफ-१०० चे तोंड लंबवर्तुळाकार, पातळ ओठांचे आणि मोकळे आहे, त्यात कोणताही शंकू नाही. तिथे तोंडासमोर एकच सरळ आघात तरंग, म्हणजे हवेचा दाब एकदम वाढतो असा पातळ थर, उभा राहतो आणि त्यातून जाताना हवा एकदम ध्वनीच्या खाली येते. माख १.३ ला अशा सरळ तरंगात एकूण दाबाचा केवळ २ टक्के भाग वाया जातो, त्यामुळे एफ-१०० ला एवढी साधी रचना पुरली. माख २ ला मात्र हाच तोटा २८ टक्क्यांवर जातो. म्हणूनच मिग-२१ आणि लाइटनिंग यांच्या नाकात शंकू आहे, मिराज-३ च्या दोन्ही बगलांना पुढेमागे सरकणारे अर्धशंकू आहेत आणि एफ-१०४ च्या बगलांना स्थिर अर्धशंकू आहेत. शंकूमुळे आधी तिरपा तरंग आणि मग सौम्य सरळ तरंग अशा दोन पायऱ्यांत हवा मंद होते आणि दाब वाचतो. मिग-२१ चा शंकू वेग वाढला की पुढे सरकतो. नाकाच्या मागे दोन्ही बाजूंना लहान झडपाही दिसतील. इंजिनाला नको असलेली हवा अचानक तुंबली तर तिला वाट करून देणे हे त्यांचे काम आहे.

आता वहीत पहिले सूत्र लिहावे. हवा थांबवली की ती तापते, आणि थांबलेल्या हवेचे निरपेक्ष तापमान काढण्यासाठी बाहेरच्या तापमानाला (१ + ०.२ × माख अंकाचा वर्ग) या संख्येने गुणावे. ११ किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे २१७ केल्विन असते. माख १ ला थांबलेली हवा २६० केल्विन, म्हणजे उणे १३ अंशांवर येते. माख २ ला तीच हवा ३९० केल्विन, म्हणजे ११७ अंश सेल्सिअस होते, आणि माख २.२ ला १५३ अंश. इंधनाचा एक थेंबही जळण्याआधी कॉम्प्रेसरच्या दारात उकळत्या पाण्याहून गरम हवा येऊन उभी राहते.

हे गणित कोरडे वाटले तर एफ-१०४ च्या वैमानिककक्षाकडे पाहावे. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान १२१ अंशांपर्यंत पोहोचले की तिथे ‘स्लो’ असा इशारा देणारा दिवा लागत असे. आपण काढलेले माख २ चे ११७ अंश या मर्यादेच्या अगदी जवळ आहेत. त्या विमानाची वेगमर्यादा इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या उष्णतेने ठरत होती. त्या पिढीतील अनेक विमानांची गती माख २ च्या आसपास येऊन का थांबली, याचे एक मोठे कारण या एका सूत्रात आहे.

दुसरे सूत्र दाबाचे आहे. त्याच कंसातील संख्येचा ३.५ वा घात घेतला की तोटा न धरता मिळणारी दाबवाढ कळते. माख १ ला ती १.९ पट, तर माख २ ला ७.८ पट येते. इनटेकमधील तोटा १५ टक्के धरला तरी माख २ ला हवा कॉम्प्रेसरपाशी येतानाच सुमारे साडेसहा पट दाबलेली असते. हा आकडा वहीत नोंदवून ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

कॉम्प्रेसरमधील टप्पे मोजणे

या इंजिनांचे खरे व्यक्तिमत्त्व कॉम्प्रेसरमध्ये दिसते, म्हणून सर्वाधिक वेळ इथे द्यावा. फिरत्या पात्यांची एक ओळ आणि तिच्यामागची स्थिर पात्यांची ओळ मिळून एक टप्पा होतो. छेद घेतलेल्या इंजिनात केवळ फिरत्या ओळी मोजाव्यात. मग त्या इंजिनाचे एकूण दाबगुणोत्तर, म्हणजे कॉम्प्रेसर हवेचा दाब किती पट करतो तो आकडा, घेऊन त्याचे तेवढ्या टप्प्यांचे मूळ काढावे, म्हणजे एक टप्पा हवेला सरासरी किती पट दाबतो हे कळते. गणकयंत्रात दाबगुणोत्तराचा घात १ भागिले टप्प्यांची संख्या असा घातला की उत्तर येते.

एफ-१०० मधील प्रॅट अँड व्हिटनी जे-५७ मध्ये ९ अधिक ७ असे १६ टप्पे आणि सुमारे १२ दाबगुणोत्तर आहे. प्रत्येक टप्प्याला साधारण १.१७ पट पडते. एफ-१०४ मधील जनरल इलेक्ट्रिक जे-७९ मध्ये १७ टप्पे आणि सुमारे १३ दाबगुणोत्तर आहे, तेथेही उत्तर १.१६ च्या आसपास येते. मिग-२१ मधील आर-११ मध्ये मात्र ३ अधिक ३ असे केवळ ६ टप्पे आहेत आणि दाबगुणोत्तर सुमारे ८.९ आहे. एका टप्प्याला १.४४ पट! हा फरक समोर आला की सोव्हिएत रचनाकारांचे धाडस ध्यानात येते. पुढच्या पात्यांच्या टोकांवरून हवा ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाऊ द्यायची आणि तरीही पाती सुरळीत चालवायची, हे त्यांनी त्या काळी साधले. मिकुलिन यांच्या संकल्पन कार्यालयात या इंजिनाची सुरुवात झाली आणि पुढे सेर्गेई तुमान्स्की यांच्या नेतृत्वाखाली ते पूर्णत्वास गेले. आर-११ समोरून पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच्या पहिल्या फिरत्या ओळीपुढे हवेला वळण देणारी स्थिर पाती नाहीत, पहिले चक्र थेट येणाऱ्या हवेला सामोरे जाते. यामुळे लांबी आणि वजन दोन्ही वाचले. माझ्या मते १९५० च्या दशकातील लढाऊ विमानांच्या इंजिनांत काटकसरीचा इतका उत्तम नमुना दुसरा नाही.

टप्पे कमी म्हणजे इंजिन चांगले, असा निष्कर्ष मात्र येथे काढू नये. जे-५७ हे मुळात बी-५२ या लांब पल्ल्याच्या बॉम्बर विमानासाठीही हवे होते. तिथे तासन्‌तास उडायचे असल्याने इंधनाची बचत महत्त्वाची होती, आणि जास्त दाबगुणोत्तराने ती मिळते. आफ्टरबर्नर, म्हणजे टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन जाळून रेटा वाढवणारा भाग, न लावता जे-५७ ला प्रत्येक किलो रेट्यासाठी ताशी साधारण ०.८ किलो इंधन लागते, तर आर-११ ला जवळपास १ किलो. उलट जे-५७ चे वजन सुमारे २,३०० किलो, तर आर-११ चे त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. थोडा वेळ वेगाने झेपावून शत्रूच्या बॉम्बरला अडवायचे आणि परत यायचे, एवढेच काम असलेल्या विमानाला हलके इंजिन हवे असते. इंजिन कोणत्या कामासाठी घडवले गेले हे आधी विचारावे आणि मगच त्याची तुलना करावी.

यानंतर या पिढीतील सर्वांत अवघड प्रश्न येतो. कॉम्प्रेसर पूर्ण फेऱ्यांवर उत्तम चालेल असा आखला, तर कमी फेऱ्यांवर तो अडखळतो. कमी फेऱ्यांवर हवा पुरेशी दाबली जात नाही, त्यामुळे तिचे आकारमान मोठे राहते आणि मागच्या अरुंद टप्प्यांतून ती जाऊ शकत नाही. मग पुढच्या टप्प्यांत हवेचा ओघ मंदावतो, ती पात्यांवर फार तिरप्या कोनातून येऊ लागते, पात्यांवरील प्रवाह सुटतो आणि अखेर दाबलेली हवा धडाक्याने उलट फिरते. यालाच सर्ज म्हणतात. इंजिन सुरू करतानाची ही अडचण सर्वांना ठाऊक असते. माख २ ला तीच अडचण परत येते हे मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. कॉम्प्रेसरला फेऱ्यांचा आकडा आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या संदर्भात जाणवतो. खरा आकडा तोच ठेवून प्रमाण तापमान २८८ केल्विन भागिले प्रत्यक्ष तापमान ३९० केल्विन याचे वर्गमूळ काढले तर ०.८६ येते. म्हणजे माख २ ला शाफ्ट शंभर टक्के वेगाने फिरत असला, तरी कॉम्प्रेसरच्या दृष्टीने तो ८६ टक्क्यांवरच फिरत असतो. इंजिन सुरू होतानाची नड आणि सर्वोच्च वेगावरची नड या दोन टोकांना एकाच प्रकारची आहे, आणि तिच्यावरचा उपाय ओळखणे हे या वाचनातील सर्वांत समाधान देणारे काम आहे.

पहिला उपाय दोन शाफ्टांचा. जे-५७ आणि आर-११ मध्ये पुढचा कमी दाबाचा भाग आणि मागचा जास्त दाबाचा भाग एकात एक बसवलेल्या स्वतंत्र शाफ्टांवर फिरतात, त्यामुळे प्रत्येक भाग आपल्याला मानवेल तो वेग घेतो आणि पुढचा भाग अडखळत नाही. छेद घेतलेल्या इंजिनात मध्यभागी पाहिल्यास बाहेरच्या पोकळ शाफ्टातून आतला शाफ्ट गेलेला दिसतो. दुसरा उपाय जे-७९ चा आहे. अभियंते गेरहार्ड नॉयमान यांच्या आग्रहातून जनरल इलेक्ट्रिकने शाफ्ट एकच ठेवला आणि प्रवेशाची पाती व पहिल्या सहा टप्प्यांची स्थिर पाती यांचा कोन बदलता येईल अशी रचना केली. हे ओळखायला छेदाची गरज नाही. कॉम्प्रेसरच्या कवचावर बाहेरून कड्या आणि त्यांना जोडलेल्या लहान तरफांच्या रांगा दिसल्या, की ती बदलत्या कोनाची पाती आहेत असे समजावे. फेऱ्या कमी असताना किंवा आत येणारी हवा फार गरम असताना ती पाती अंशतः मिटतात आणि पुढच्या टप्प्यांवर हवा योग्य कोनातून सोडतात. तिसरा मार्ग फ्रान्सच्या स्नेक्मा कंपनीने अतार इंजिनात घेतला. तिथे शाफ्ट एकच, पाती स्थिर, टप्पे ९ आणि दाबगुणोत्तर ६ च्या घरात. दाबच माफक ठेवल्याने अडखळण्याची भीती कमी झाली. इंधनाचा खर्च वाढला, पण इंजिन सोपे राहिले, आणि त्याच इंजिनावर मिराज-३ माख २ च्या पुढे गेले.

माख २ ला माफक दाबगुणोत्तर का चालून जाते, हे आधी नोंदवलेल्या आकड्यावरून आता सिद्ध करता येईल. इनटेकनेच हवा ६.६ पट दाबली आहे. आर-११ चे दाबगुणोत्तर त्या स्थितीत ८.९ वरून ६ पर्यंत उतरले असे गृहीत धरू. दोन्हींचा गुणाकार सुमारे ४० होतो. ११ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ०.२२ पट असतो, म्हणून ज्वलनकक्षातील दाब समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे ८.९ पट येतो. समुद्रसपाटीवर उभ्या विमानाच्या इंजिनातही तो एवढाच असतो. विरळ हवेत उडत असूनही इंजिनाचे बळ टिकते, ते वेगाने केलेल्या या मदतीमुळे.

ज्वलनकक्ष आणि टर्बाइन

ज्वलनकक्षाकडे थोडक्यात पाहिले तरी चालेल. जे-५७ मध्ये वलयाकार जागेत ८ ज्वलननलिका आहेत, जे-७९ आणि आर-११ मध्ये १०, तर अतारमध्ये एकच अखंड वलय आहे. नलिका सुट्या असल्याने एक बिघडली तर तेवढीच बदलता येत असे, आणि चाचणीही एकेकट्या नलिकेची घेता येत असे, म्हणून त्या काळी तो मार्ग अनेकांना पसंत पडला.

टर्बाइनपाशी मात्र पुन्हा वही उघडावी, कारण संपूर्ण इंजिनाची मर्यादा येथे ठरते. त्या काळी टर्बाइनची पाती बहुतेक इंजिनांत आतून थंड केलेली नसत. निकेलच्या मिश्रधातूंची ती पाती जेवढी उष्णता सोसतील तेवढाच वायू तापवता येई. आर-११ साठी ही मर्यादा सुमारे ९०० अंश सेल्सिअस धरावी. आता जमिनीवर ८.९ पट दाबलेली हवा कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना किती तापते ते काढू. २८८ केल्विनला ८.९ च्या ०.२८६ व्या घाताने गुणावे, त्यातून मूळ तापमान वजा करून मिळालेली वाढ ०.८५ या कार्यक्षमतेने भागावी आणि ती पुन्हा मूळ तापमानात मिळवावी. उत्तर सुमारे ३१० अंश सेल्सिअस येते. म्हणजे इंधन जाळून आणखी जवळपास ५९० अंश वाढवण्यास वाव आहे. माख २ ला ११७ अंशांची हवा ६ पट दाबली तर ती सुमारे ४२५ अंशांवर बाहेर पडते आणि वाव ४७५ अंशांवर येतो. वेग जसजसा वाढतो तसतसे इंजिनाच्या गाभ्यात इंधन जाळायला जागा उरत नाही. या पिढीला आफ्टरबर्नर का अटळ होता, याचे उत्तर या दोन आकड्यांमधील फरकात आहे.

टर्बाइनचे टप्पेही मोजावेत. आर-११ मध्ये प्रत्येक शाफ्टाला एकच, जे-५७ मध्ये जास्त दाबाचा एक आणि कमी दाबाचे दोन, जे-७९ मध्ये एकाच शाफ्टावर तीन. कॉम्प्रेसर जितके काम मागतो तितके टर्बाइनला द्यावे लागते, म्हणून दाबगुणोत्तर जास्त असलेल्या इंजिनांत टर्बाइनचे टप्पे वाढलेले दिसतात.

आफ्टरबर्नर आणि नोझल

उभ्या केलेल्या विमानाच्या मागच्या तोंडातून पाहिल्यास लांब पोकळ नळी दिसते. तिच्या आत खोलवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या छेदाच्या एकात एक कड्या असतात. त्यांच्या आडोशाला वायूचा ओघ मंदावतो आणि ज्योत टिकून राहते. त्यांच्या जवळच इंधन फवारणाऱ्या नळ्या असतात. टर्बाइनच्या मागे फिरता भाग नसल्याने इथे वायू कितीतरी जास्त तापवता येतो.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. रेटा म्हणजे दर सेकंदाला जाणारी हवा गुणिले तिचा वाढलेला वेग. आर-११ च्या एफ-३०० या रूपातून सेकंदाला साधारण ६५ किलो हवा जाते. त्याचा रेटा आफ्टरबर्नरविना ३,९०० किलो, म्हणजे ३८.२ किलोन्यूटन आहे, आणि आफ्टरबर्नरसह ५,७४० किलो, म्हणजे ५६.३ किलोन्यूटन. उभ्या विमानासाठी भागाकार केला तर बाहेर पडणाऱ्या वायूचा परिणामी वेग आधी सेकंदाला सुमारे ५९० मीटर आणि नंतर सुमारे ८६५ मीटर येतो. वेग १.४७ पट झाला, आणि वेग तापमानाच्या वर्गमुळानुसार वाढत असल्याने वायूचे निरपेक्ष तापमान सव्वादोन पटींच्या जवळ गेले असले पाहिजे. टर्बाइनमागचा वायू ९०० केल्विनच्या आसपास धरल्यास आफ्टरबर्नरमधील तापमान २,००० केल्विनच्या घरात जाते.

आता नोझल हलते का असावे लागते हे उघड होईल. गरम वायू विरळ असतो. तेवढेच वस्तुमान त्याच दाबाने बाहेर काढायचे तर तोंड तापमानाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे इथेही सुमारे दीडपट मोठे व्हावे लागते. तोंड उघडले नाही तर मागे दाब तुंबतो, टर्बाइन मंदावते आणि कॉम्प्रेसर सर्जमध्ये जातो. उलट आफ्टरबर्नर बंद असताना तोंड उघडेच राहिले तर रेटा घसरतो. एफ-१०४ वर सुरुवातीच्या काळात नोझल आपोआप पूर्ण उघडून रेटा गमावण्याचे प्रकार घडले, आणि एकच इंजिन व लहानसे पंख असलेल्या विमानात ते जिवावर बेतत असे. पुढे संकटकाळी नोझल मिटवण्याची वेगळी सोय करण्यात आली. नोझलच्या पाकळ्या पाहताना त्या किती ओळींत आहेत हे नोंदवावे. जे-७९ मध्ये आतली आणि बाहेरची अशा दोन ओळी असून आधी आकुंचन आणि मग प्रसरण असा मार्ग तयार होतो, त्यामुळे माख २ ला वायूचा दाब वाया न जाता वेगात उतरतो.

आफ्टरबर्नरचा खर्चही लिहून काढावा. त्याच्यासह प्रत्येक किलो रेट्यामागे ताशी दोन किलोहून अधिक इंधन लागते. आर-११ साठी समुद्रसपाटीवर हा हिशोब ताशी १२ टनांच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे २०० किलो होतो. आरंभीच्या मिग-२१ च्या पोटात साधारण अडीच हजार लिटर, म्हणजे दोन टन इंधन मावत असे. जमिनीलगत आफ्टरबर्नर सलग चालू ठेवला तर टाक्या दहा मिनिटांत रिकाम्या होतील. उंचीवर हवा विरळ असल्याने खर्च कमी होतो, तरी मिग-२१ च्या वैमानिकाची एक नजर इंधनाच्या काट्यावर का असे, ते यावरून समजते.

आकडे शेजारी मांडताना

इंजिनांची तुलना करताना चार बाबी तपासल्याशिवाय आकडे शेजारी ठेवू नयेत. आकडा आफ्टरबर्नरसह आहे की त्याविना? तो समुद्रसपाटीवर उभ्या इंजिनाचा आहे का? एकक कोणते, आणि इंजिनाचे नेमके रूप कोणते? अमेरिकी व ब्रिटिश माहितीत रेटा पौंडात असतो, त्याला ४.४५ ने गुणले की न्यूटन मिळतात. सोव्हिएत आणि जुन्या फ्रेंच माहितीत तो किलोत असतो, त्याला ९.८१ ने गुणावे. जे-७९ च्या ११ए रूपाचा १५,८०० पौंड रेटा सुमारे ७० किलोन्यूटन होतो, अतार ९सी चा ६,२०० किलो सुमारे ६१ किलोन्यूटन. रूपाचा फरक तर फारच मोठा असतो. मिग-२१ बिस या नंतरच्या विमानातील आर-२५ हे आर-११ च्याच घराण्यातले, पण त्याचा आफ्टरबर्नरसह रेटा सुमारे ७ टनांपर्यंत गेला होता, म्हणून ‘मिग-२१ चे इंजिन’ असे मोघम लिहून त्याखाली आकडा देऊ नये.

त्यानंतर रेटा भागिले इंजिनाचे वजन काढावे. जे-५७ साठी उत्तर ३ च्या थोडे वर, जे-७९ साठी ४ च्या वर आणि आर-११ साठी ५ च्या जवळ येते. याच्या पुढची पायरी म्हणजे रेटा भागिले विमानाचे वजन, आणि इथे भारताचा स्वतःचा अनुभव अभ्यासायला हवा. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्ससाठी आखलेले एचएफ-२४ मारुत १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. ते माख २ च्या आकांक्षेने रेखलेले होते, पण त्याला मिळाली ती ब्रिटिश ऑर्फियस ७०३ ही दोन इंजिने, प्रत्येकी २,२०० किलो रेट्याची आणि आफ्टरबर्नर नसलेली. ऑर्फियस हे ७ टप्प्यांचे, एका शाफ्टाचे, हलके आणि विश्वासू इंजिन होते, मात्र ते या वेगासाठी नव्हते. ४,४०० किलोला विमानाच्या सुमारे ९ टन वजनाने भागले तर ०.४९ येते. सुरुवातीच्या मिग-२१ साठी ५,७४० किलो भागिले सुमारे ७.४ टन, म्हणजे ०.७८. मारुतची देखणी, निमुळती बांधणी ध्वनीच्या वेगाच्या आसपासच का अडून राहिली हे या दोन आकड्यांतून कळते. ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडण्याचे प्रयत्न झाले, आणि इजिप्तमध्ये घडत असलेल्या ई-३०० इंजिनाच्या चाचणीसाठी एक मारुत तिकडे पाठवले गेले, पण यातले काहीही सेवेपर्यंत पोहोचले नाही. मारुतने १९७१ च्या युद्धात जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ल्याचे काम उत्तम केले, हे त्याच्या सांगाड्याच्या गुणवत्तेचे प्रमाण आहे.

याची उलट बाजू पडताळण्यासाठी अमेरिकेचे एफ-१०२ घ्यावे. त्यात एफ-१०० चेच जे-५७ इंजिन होते, तरी १९५३ मधील पहिले नमुने सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडू शकले नाहीत. अमेरिकी वायुगतिशास्त्रज्ञ रिचर्ड व्हिटकॉम यांच्या क्षेत्रफळाच्या नियमानुसार, म्हणजे विमानाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलावे या नियमानुसार, धडाची कंबर अरुंद केल्यावर डिसेंबर १९५४ मध्ये सुधारित नमुन्याने तो ओलांडला. म्हणून इंजिनाच्या आकड्यांवरून विमानाचा वेग सांगण्यापूर्वी धडाचा आकारही पाहावा.

सुरुवात करणाऱ्याने आर-११ पासून आरंभ करावा, कारण टप्पे कमी असल्याने हवेची वाट एका दृष्टीत भरते आणि मिग-२१ आपल्याकडे पाहायलाही मिळते. त्यावर सगळी गणिते एकदा हाताने करून झाली की जे-७९ घ्यावे, आणि एका शाफ्टावर तेच काम कसे साधले ते तरफांच्या रांगांवरून शोधावे. जे-५७ तिसरे घ्यावे. त्याचे १६ टप्पे मोजताना पहिले ९ कुठे संपतात आणि पुढचे ७ कुठे सुरू होतात, हे छेदचित्रात बोटाने दाखवता आले की दोन शाफ्टांची रचना कळली असे समजावे.